पोहता येतं, हीच तुझी पहिली अडचण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न आधी सांगतो. "काका, मी सप्टेंबरात ग्लासगोला शिकायला जातोय. तारकर्लीत कोर्स झाला, अंदमानात 22 डाइव्ह झाल्या. लहानपणापासून पोहतोय, पंचगंगेच्या पुरातपण पोहलोय. डिसेंबरच्या सुट्टीत स्कापा फ्लोची बुडालेली जर्मन जहाजं बघायचीत. सूट कुठला घेऊ आणि अजून काय काय लागतंय?" ('जातोय', 'पोहलोय' वाचून बाहेरगावच्यांनी गोंधळू नये. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.)

सूट कुठला ते पुढं सांगतो. आधी हे ऐक: डिसेंबरात जाऊ नकोस, पुढच्या ऑगस्टात जा. स्कापा फ्लो स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे. तिथं डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, वारा बोटीवर उभं राहू देत नाही. पण खरं कारण ते नाही. मधले दहा महिने तुला एक गोष्ट विसरायला लागणार आहेत, ती म्हणजे तुझं पोहणं.

मीही तुझ्यासारखाच होतो. गावातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो, पुढं कोटितीर्थावर आणि घाटावर. शिवाजी पुलावरून पुरात उडी टाकणाऱ्या पोरांकडं आपल्याकडं अजून कौतुकानं बघतात. त्या पोहण्यात पाण्याशी झटायचं असतं, धारेला छाती लावायची असते. थंड पाण्यात 36 मीटर खाली याच्या बरोबर उलटं आहे. तिथं जो झटतो तो हवा संपवतो, घामेजतो, मग गारठतो, आणि गाळ उठवून स्वतःलाच आंधळं करतो. इतक्या वर्षांत मी थंड पाण्यात जितके लोक अडचणीत आलेले बघितले, त्यांत कच्चे पोहणारे कमी होते. पट्टीचे जास्त.

हिशेबच मांडून दाखवतो. शांत माणूस पाण्याबाहेर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा घेतो असं धर. 12 लिटरची टाकी 200 बार दाबानं भरली की 2400 लिटर हवा झाली. मालवणात 8 मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या 1.8 पट, म्हणजे मिनिटाला 36 लिटर. टाकी तासभर पुरते. 36 मीटरवर दाब 4.6 पट होतो. तोच शांत माणूस तिथं मिनिटाला 92 लिटर घेतो, टाकी 26 मिनिटांत रिकामी. आता त्याच माणसाला गारठव, जरा घाबरव, चार हात जोरात मारायला लाव. 20 चे 30 लिटर झाले की मिनिटाला 138, आणि टाकी 17 मिनिटांत खलास. त्यातच वर यायची हवा, अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वाटेत थांबतात त्या थांब्याची हवा आणि जोडीदाराला द्यायची वेळ आली तर त्याची हवा. म्हणून तिथं बहुतेक लोक जोडटाकी लावतात, किंवा मोठ्या टाकीबरोबर स्वतंत्र छोटी टाकी घेतात. तारकर्लीची एकटी टाकी घेऊन तिथं जायचा विचारही नको.

आता जहाजांबद्दल थोडं, कारण काय बघायला चाललोय ते माहीत नसेल तर खाली सगळं गंजकं भंगारच दिसतं.

पहिलं महायुद्ध थांबल्यावर नोव्हेंबर 1918 पासून जर्मनीच्या आरमारातली 74 जहाजं स्कापा फ्लोमध्ये आणून नजरकैदेत ठेवली. चारी बाजूंनी बेटं, मध्ये मोठं शांत पाणी, असं हे नैसर्गिक बंदर. वाटाघाटी महिनोन्महिने चालल्या. 21 जून 1919 रोजी ब्रिटिश पथक सरावासाठी बाहेर पडलं होतं. जहाजं शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून अॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी इशारा दिला, आणि खलाशांनी तळाच्या झडपा उघडून आपलीच जहाजं बुडवली. संध्याकाळपर्यंत 52 जहाजं तळाशी गेली. त्या दिवशी स्ट्रॉमनेसच्या शाळेची पोरं बोटीनं आरमार बघायला सहलीला गेली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं झालं. सहल असावी तर अशी.

पुढची गोष्ट आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही माझ्यापेक्षा चांगली कळेल. अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगाराच्या व्यापाऱ्यानं 1924 पासून ही जहाजं वर काढायला घेतली. जहाज वर काढायचा अनुभव शून्य. उलट्या पडलेल्या जहाजांची भोकं बुजवायची, आत हवा भरायची आणि फुग्यासारखं वर आणायचं, अशी रीत त्याच्या माणसांनी बसवली. मोल्टके 1927 मध्ये आलं, हिंडेनबुर्ग 1930 मध्ये. मोल्टकेसारखी तळ आभाळाकडं असलेली धुडं तशीच ओढत मोडीत काढायला नेली. या पोलादाला नंतर वेगळंच मोल आलं. 1945 नंतर हवेत अणुस्फोटांचे अंश मिसळले आणि नव्या पोलादात उतरले. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या नाजूक उपकरणांना त्याआधीचं पोलाद लागायचं, आणि ते इथं तळाशी पडलेलं होतं.

आज सात मोठी जहाजं खाली आहेत. कोनिग, क्रोनप्रिंझ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन युद्धनौका. क्योल्न, ड्रेस्डेन, ब्रुमर आणि कार्ल्सरूअ या चार क्रूझर, म्हणजे लहान आणि वेगवान लढाऊ जहाजं. तिन्ही युद्धनौका 1916 च्या जटलंडच्या लढाईत होत्या. पावणेदोनशे मीटर लांबीचं जहाज वरच्या जड तोफांमुळं बुडताना उलटलं, त्यामुळं मार्कग्राफवर उतरलीस तर आधी टेकडीच दिसते. ती जहाजाची पाठ नव्हे, पोट आहे. तोफा खाली गाळात दबलेल्या. मार्कग्राफचा तळ 45 मीटरच्या आसपास. तुझ्यासाठी हे पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही बहुतेक नाही.

तुझं जहाज क्योल्न. ही उजव्या कुशीवर पडली आहे. तळ 36 मीटरच्या आसपास, वरची बाजू वीस-बावीसला लागते. त्यामुळं दोराला धरून उतरताना फार खाली न जाताच ती सापडते, आणि वर येता येता जहाजाच्याच अंगावरून येता येतं. डेक भिंतीसारखा उभा असतो. त्या भिंतीतून नांगराचं यंत्र, तोफ, चिलखती नियंत्रण-मनोरा आडवे बाहेर आलेले दिसतात. मेंदू ते सरळ करून बघायला जातो आणि चक्रावतो. पहिल्या डाइव्हला मी दहा मिनिटं एका शिडीकडं बघत होतो. ती आडवी का लावलीय तेच कळेना. त्यात टाकीत साधी हवा असली की 30 मीटरच्या खाली नायट्रोजनची धुंदी चढतेच. थंडीत आणि अंधारात ती आनंदाची नसते, चिडचिडी असते.

ड्रेस्डेनही साधारण त्याच जातीची, कार्ल्सरूअ त्यांच्यापेक्षा उथळ. या जहाजांवर प्रवाह फारसा नाही, कारण पाणी कोंडलेलं आहे. नजर पाच ते पंधरा मीटर पोचते. मात्र बाजूच्या बुरा साउंडमध्ये शत्रूला अडवायला मुद्दाम बुडवलेली जहाजं आहेत, तिथं भरती-ओहोटीची धार अशी सुटते की पाणी थबकतं तेवढ्या मोजक्या वेळातच उतरावं लागतं. पुलावरून उडी मारलेल्या माणसाला तिथं जायचा मोह होतो. बोटीचा कप्तान सांगेल ती वेळ, आणि तो 'नाही' म्हणाला तर नाही.

आता थंडी. ऑर्कनीचं पाणी हिवाळ्याच्या शेवटी 6-7 अंशांवर असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात 13-14 वर येतं. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे 14 अंश असले की आपण शेकोटी पेटवतो, आणि ती हवा असते. पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ओढतं. उघड्या चेहऱ्यावर हे पाणी लागलं की पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप धापेवर जातो. इथं पट्टीचा पोहणारा 'काय होत नाही' म्हणून तसाच खाली जातो. तसं करू नकोस. चेहऱ्यावर पाणी मार, दोर धरून वरच थांब, श्वास जागेवर आला की मग उतर.

गारठा जीव घ्यायच्या कितीतरी आधी बोटं घेतो. बोटं गेली की हूक सुटत नाही, झडप फिरत नाही, मास्क नीट बसत नाही. हे मी स्कॉटलंडच्या लॉख फाइन या खाडीत शिकलो. मार्च महिना, पाणी 7 अंश, खोली 22 मीटर, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देतो तो) एका दुकानातून भाड्यानं घेतलेला. तो थंड पाण्यासाठी आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तोवर तीनशे डाइव्ह झाल्या होत्या ना! सूटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी जोरात श्वास घेतला. रेग्युलेटर गोठला, आणि तोंडात हवेचा लोट सुटला तो थांबेचना.

होतं असं: टायरची हवा सोडताना बोटाला गार लागते, तसंच टाकीतली 200 बारची हवा रेग्युलेटरच्या टाकीला लावलेल्या भागात, म्हणजे पहिल्या टप्प्यात, एकदम सैल होताना थंड होते. भोवतीचं पाणी मुळातच गार असेल तर तिथं बर्फ धरतो आणि झडप उघडी राहते. एकाच वेळी दोन ठिकाणी हवा ओढली की गारवा दुप्पट. मागं हात घालून टाकीची झडप बंद करायची, बास. मला ती फिरवताच आली नाही. बोटं लाकडाची झाली होती. जोडीदारानं त्याचा जादा रेग्युलेटर तोंडात दिला, आम्ही वर आलो, माझी टाकी वाटेतच संपली. तेव्हापासून सूटमध्ये हवा भरताना मी श्वास घेत नाही, आणि भाड्याचं सामान घेताना दुकानदाराला नकोसं होईपर्यंत प्रश्न विचारतो. तूही विचार. युरोपात रेग्युलेटरच्या मानकात 10 अंशांखालच्या पाण्याची चाचणी वेगळी असते. तेवढी पास झालेला, पहिला टप्पा पाण्यापासून बंदिस्त असलेलाच घ्यायचा.

सूट ड्रायसूटच हवा. अंग कोरडं राहतं, आत गरम कपडे, आणि खाली जाऊ तशी आत थोडी थोडी हवा सोडायची, नाहीतर दाबानं सूट अंगाला चिमटे काढतो. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर काढायची. सूट इथून नेऊ नकोस, तिकडं अंगावर घालून बघून घे. मानेची आणि मनगटाची पट्टी नीट बसली नाही तर किंमत कितीही असो, तो नुसता महागडा रेनकोट. आत सुती काही घालायचं नाही. आपली बनियनची सवय तिथं भोवते, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. लोकर घाल. धनगर पावसात घोंगडं का पांघरतो? लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही म्हणून. आणि बोटीवर सूट चढवून तासभर बसायचं नाही. घाम आला की त्याची किंमत तू खाली मोजणार.

ड्रायसूटमध्ये एक गंमत होते, तुला तर होणारच. डोकं खाली करून सूर मारल्यासारखी गेलीस की आतली हवा पायांत जाते, आणि पाय वर करून तू बुचासारखी निघतेस. अशा वेळी हात मारून उपयोग नाही. विहिरीत मुटका मारायला गुडघे छातीशी घेतो ना, तसं गोळा हो, कोलांटी घे, डोकं वर आलं की दंडाची झडप उघड. तुझ्या पोहण्यातलं एवढं एक तिथं कामाला येईल. आणखी एक येईल, ते बेडकाचे पाय. सरळ पाय हाणत गेलीस तर मागं शंभर वर्षांचा गाळ उठतो, आणि मागून येणारे तुला जन्मभर लक्षात ठेवतात. बेडकासारखा एक झटका द्यायचा आणि घसरत जायचं. घसरत असताना काही करायचं नाही, हे 'काही न करणं' शिकायला मला दोन वर्षं लागली.

जहाजाच्या आत जायचं नाही. "थोडंसं जाऊ का" असं विचारशील, म्हणून आधीच सांगतो. कुशीवर पडलेल्या जहाजात दारं जमिनीत आणि छतात असतात, लोखंडी पडद्या आता कागदासारख्या झाल्यात, आणि आपले बुडबुडे वरचा गंज खाली पाडतात. आत जाणारे लोक दोरीची रील, तीन दिवे, आणि एक तृतीयांश हवा जायला, एक यायला, एक राखीव, असा हिशेब घेऊन, त्याचं वेगळं शिक्षण करून जातात. तुझ्यासाठी नियम सोपा: बाहेरचा उजेड जिथून दिसत नाही तिथं नाक घालायचं नाही. पूर्वी आतला किमती धातू काढायला लोकांनी सुरुंग लावलेत, त्यामुळं बाहेरूनच यंत्रखोल्या उघड्या दिसतात. बघायला तेवढं खूप आहे.

तिथलं काही उचलायचंही नाही, बशीचा तुकडासुद्धा नाही. ही सातही जहाजं 2001 पासून कायद्यानं संरक्षित आहेत. मजा म्हणजे यांतली चार 2019 मध्ये ईबेवर विकली गेली. युद्धनौका प्रत्येकी 25,500 पौंडांना. मालक झाला तरी खिळा काढता येत नाही! आणि तिथंच रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका आहे. 14 ऑक्टोबर 1939 रोजी जर्मन पाणबुडी यू-47 नं बंदरात शिरून ती बुडवली, 835 माणसं गेली. ती समाधी आहे, तिथं डायव्हिंगला बंदी आहे. बोट तिच्या बोयाजवळून, म्हणजे तरंगत्या खुणेजवळून, जाते तेव्हा डेकवरचा कलकल आपोआप थांबतो. तूही टोपी काढ.

आता दहा महिन्यांचं. ग्लासगोत पोचल्या पोचल्या विद्यापीठाचा डायव्हिंग क्लब गाठ. तिकडं क्लबची पद्धत आहे, आपल्या तालमीसारखी. जुनी माणसं नव्यांना पैसे न घेता शिकवतात आणि भरपूर बोलूनही घेतात. ड्रायसूटचा कोर्स आधी. मग लॉख लाँग आणि लॉख फाइनमध्ये किनाऱ्यावरून उतर, हिवाळाभर, आठवड्याला एक. फार सुंदर काही दिसणार नाही. चिखल, खेकडे आणि तुझ्याच टॉर्चचा उजेड. पण हातमोज्यांत बोटं चालायला तिथंच लागतात. दर वेळी बोया फुगवून वर सोड, दर वेळी मास्क काढून घाल, झडप बंद-उघड कर. किमान तीस डाइव्ह अशा होऊ देत, आणि खोल पाण्याचा कोर्स त्यातच कर.

वसंतात ओबानजवळ ब्रेडावर जा. हे डच मालवाहू जहाज 23 डिसेंबर 1940 ला जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडालं. ते निघालं होतं मोंबासा, मुंबई आणि कराचीकडं. पोटात सिमेंट आणि सुटी विमानं. सिमेंटची पोती तिथं दगड होऊन पडली आहेत. मुंबईच्या गोदीत उतरायचा माल स्कॉटलंडच्या चिखलात बघताना मला उगाच घरची आठवण आली होती. तळ 30 मीटरच्या आतबाहेर, म्हणजे स्कापाच्या आधीची तालीम म्हणून झकास. ब्रेडावर दोन दिवसांत चार डाइव्ह करून वर आल्यावर तुझ्या टाकीत ठरल्याहून जास्त हवा उरत असेल, तर ऑगस्टची बोट ठरव. उरत नसेल तर अजून थांब.

नायट्रॉक्सही, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा वापरायलाही शीक, क्योल्नसाठी लागेलच. साध्या हवेवर 36 मीटरला थांबे न घेता राहायला जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळतात. ऑक्सिजन वाढवला की वेळ वाढतो. पण 32 टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा 33 मीटर, म्हणजे क्योल्नच्या तळाला ते चालत नाही. 28 टक्के 40 मीटरपर्यंत चालतं. टाकीतला ऑक्सिजन किती ते स्वतः तपासून सही केल्याशिवाय ती उचलायची नाही. वर येताना गारठलेलं अंग नायट्रोजन नीट सोडत नाही, म्हणून खाली मजेत आणि थांब्यावर कुडकुडत, हे सगळ्यात वाईट. कुडकुडी सुरू झाली की डाइव्ह संपली, मनगटावरचा डाइव्हचा कंप्युटर काहीही म्हणू दे.

जायच्या आधी इथं एवढंच कर. बादलीत बर्फ टाकून पाणी 10 अंशांवर आण, जाड हातमोजे घालून पाच मिनिटं हात बुडव, आणि डोळे मिटून हूक लावणं-काढणं, बकल सोडणं कर. बोटं पांढरी पडली किंवा दुखायला लागली की थांब. आई विचारेल काय चाललंय. तिला खरं सांग.

आणि निघायच्या आधी मालवणला शेवटच्या डाइव्ह मारशीलच. दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी गाडी घाटाला लावायची, ही आपल्याकडच्या सगळ्यांची सवय. कोल्हापूर समुद्रापासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, आंबोलीमार्गे आलीस तर घाटमाथा 690 मीटर. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, उंचावर दाब कमी झाला की तो बुडबुडे धरतो, म्हणून 300 मीटरच्या वरची उंची डायव्हिंगच्या हिशेबात धरतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर 18 तास थांबायचा सल्ला आहे. मी घाटालाही तोच लावतो. मालवणातच मुक्काम कर, सोलकढी पी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर घाट चढ.